बंद दारांआडचा कॅमेरा

१९३० सालचा जानेवारी महिना. नेदरलँड्समधील हेग शहरात युरोपातील बड्या राष्ट्रांचे मंत्री जमले होते. पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई जर्मनीने किती आणि कशी द्यायची, या प्रश्नावर वाटाघाटी सुरू होत्या. मध्यरात्र उलटून गेली तरी चर्चा संपत नव्हती. फ्रान्सचे पंतप्रधान आंद्रे तार्द्यू आणि जर्मनीचे परराष्ट्रमंत्री युलियुस कुर्टियुस यांच्यासह ही थोर मंडळी मऊ कोचांत रुतून बसली होती. कोणाची मान छातीवर कलली होती, तर कोणाचे डोळे मिटले होते. ज्यांच्या सहीवर कोट्यवधी लोकांचे भवितव्य ठरायचे, ती माणसे रात्रीच्या शेवटच्या गाडीतील प्रवाशांसारखी पेंगत होती. त्या दालनात, त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर, रात्रीच्या मेजवानीचा काळा कोट घातलेला एक मध्यमवयीन गृहस्थ उभा होता. त्याने दिवा मोठा केला नाही, दारूचा भडका उडवला नाही, कोणाला नीट बसायला सांगितले नाही. छतावरच्या झुंबराचा जेवढा उजेड होता तेवढ्यातच त्याने ते दृश्य काचेच्या छोट्या प्लेटवर टिपले. सत्ता थकते, सत्तेलाही झोप येते, ही गोष्ट त्या छायाचित्राने सामान्य वाचकांना दाखवून दिली.

या गृहस्थाचे नाव डॉ. एरिख सालोमन. आज लग्नाच्या हॉलमध्ये, बारशाला, साखरपुड्याला किंवा संसदेच्या दालनात फ्लॅश न वापरता सहजपणे छायाचित्रे काढली जातात. या पद्धतीची पायवाट ज्या मोजक्या माणसांनी पाडली, त्यांत सालोमन यांचे नाव फार वरचे आहे. विशेष म्हणजे, वयाची चाळिशी उलटेपर्यंत छायाचित्रकार होण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता.

एरिख सालोमन यांचा जन्म २८ एप्रिल १८८६ रोजी बर्लिनमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँक व्यवसायात होते. घरात सुबत्ता असल्यामुळे मुलाला मनाजोगे शिकण्याची मोकळीक मिळाली. त्यांनी आधी प्राणिशास्त्र शिकून पाहिले, मग यंत्र अभियांत्रिकीकडे मोर्चा वळवला आणि अखेर कायद्याचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. ही पदवी पुढे त्यांच्या नावाला कायमची चिकटली. छायाचित्राखाली नाव छापताना त्यातील डॉक्टर हा शब्द गाळलेला त्यांना चालत नसे. दरम्यान मॅगी श्यूलर या डच तरुणीशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला ओटो आणि डिर्क असे दोन मुलगे झाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि सालोमन सैन्यात दाखल झाले. युद्धाच्या सुरुवातीलाच, मार्नच्या लढाईत, ते फ्रेंचांच्या हाती सापडले. पुढची सुमारे चार वर्षे त्यांनी युद्धकैदी म्हणून काढली. या बंदिवासात त्यांचे फ्रेंच पक्के झाले आणि ते छावणीत दुभाष्याचे काम करू लागले. पुढील आयुष्यात पॅरिस आणि जिनिव्हाच्या दालनांत ज्या सहजतेने ते वावरले, तिची तयारी अशी काटेरी तारांच्या आत झाली होती.

युद्धावरून परतल्यावर त्यांना वेगळीच जर्मनी दिसली. महागाईचा आगडोंब उसळला होता. १९२३ सालच्या नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकी डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. पिढीजात श्रीमंती कागदाच्या रद्दीत जमा झाली. सालोमन यांनी शेअर बाजारात काम करून पाहिले, पियानोच्या कारखान्यात भागीदारी केली, पण कशातच जम बसला नाही. मग त्यांनी मोटारी आणि साइडकार जोडलेल्या मोटारसायकली भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. कायद्याचा डॉक्टर स्वतः वाहन चालवील आणि वाटेत चलनाच्या घसरणीविषयी सल्लाही देईल, अशी जाहिरात त्यांनी दिली. धंदा फारसा चालला नाही, पण जाहिरातीतील कल्पकता उलस्टाइन या बर्लिनमधील बलाढ्य प्रकाशन संस्थेच्या नजरेत भरली. तिने सालोमन यांना आपल्या जाहिरात विभागात घेतले.

उलस्टाइनच्या जाहिराती शहरोशहरी आणि खेडोपाडी घरांच्या भिंतींवर झळकत. त्यासाठी घरमालकांशी करार होत, करार मोडले की वाद होत आणि वाद कोर्टात गेले की पुरावा लागे. भिंतींचे असे पुरावे गोळा करता करता सालोमन यांनी पहिल्यांदा कॅमेरा हाती घेतला. त्याच सुमाराची एक हकीकत सांगितली जाते. एका रविवारी ते नदीकाठच्या उपाहारगृहात बसले असताना मोठे वादळ झाले, झाडे उन्मळून पडली आणि एका स्त्रीचा मृत्यू झाला. सालोमन यांनी धावपळ करून एक छायाचित्रकार गाठला, त्याच्याकडून छायाचित्रे काढून घेतली आणि ती वृत्तपत्राला विकली. हेच काम स्वतः केले असते तर पुरते पैसे आपल्याच पदरात पडले असते, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. कारण एवढे व्यवहारी होते. त्यातून पुढे जे घडले ते मात्र केवळ व्यवहाराचे राहिले नाही.

त्या काळी घरात किंवा सभागृहात छायाचित्र काढणे म्हणजे मोठा खटाटोप असे. प्लेटवरचे रसायन मंद होते, भिंगातून येणारा प्रकाश तोकडा होता. उजेड पुरत नसला की मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे. मोठा भडका उडे, पांढऱ्या धुराने खोली भरून जाई, पाहुणे खोकू लागत. साहजिकच मेजवानीत किंवा परिषदेत छायाचित्रकाराला एकदाच आत घेत. सगळे ओळीत उभे राहत, चेहऱ्यावर मोठेपणाचा भाव आणत, भडका उडे आणि छायाचित्रकाराला बाहेरची वाट दाखवली जाई. खरा प्रसंग त्यानंतर सुरू होई आणि तो कोणाच्याही कॅमेऱ्यात येत नसे.

ही कोंडी एका भिंगाने फोडली. ड्रेस्डेन येथील एर्नेमान कंपनीने १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. लुडविग बेर्टेले या तरुण संशोधकाने त्यासाठी एर्नोस्टार हे भिंग घडवले होते. सुरुवातीला त्याचे छिद्र एफ २ एवढे होते, पुढे ते एफ १.८ झाले. हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ ४.५ च्या भिंगातून जेवढा प्रकाश आत येतो, त्याच्या सहापटीहून अधिक प्रकाश एफ १.८ च्या भिंगातून येतो. साहजिकच साध्या विजेच्या दिव्यांत, झुंबराखाली, टेबलावरच्या दिव्याशेजारी छायाचित्र काढणे शक्य झाले.

मात्र हे वरदान सुखासुखी मिळालेले नव्हते. एर्मानॉक्समध्ये फिल्मचे रीळ नव्हते. साडेचार बाय सहा सेंटिमीटरची काचेची प्लेट एकेक करून घालावी लागे. एक छायाचित्र काढले की प्लेट बदलायची, पुन्हा शटर ताणायचे, मग दुसरे छायाचित्र. हुकलेला क्षण परत मिळत नसे. भिंगाचे तोंड एवढे मोठे उघडले की स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो. नाकाचा शेंडा ठळक आला तर कान धूसर होतात. त्यामुळे समोरच्या माणसाचे अंतर अचूक जोखावे लागे. शिवाय एवढे करूनही दिव्यांच्या उजेडात पाव सेकंद, अर्धा सेकंद, कधी त्याहून अधिक वेळ शटर उघडे ठेवणे भाग पडे. एवढ्या वेळेत हातात धरलेला कॅमेरा हलणारच, म्हणून तिवई आली. समोरचा माणूस हलला तरीही चित्र बिघडणार.

सालोमन यांचे खरे कौशल्य याच अडचणीतून घडले. बोलणारा माणूस हलतो, पण ऐकणारा माणूस स्तब्ध असतो. वक्ता दोन वाक्यांच्या मध्ये क्षणभर थांबतो. विनोद ऐकून हसण्यापूर्वी आणि वाईट बातमी ऐकून मान हलवण्यापूर्वी चेहरा निमिषभर गोठतो. सालोमन या निमिषाची वाट पाहत. तिवई आधीच एखाद्या कोपऱ्यात उभी करायची, अंतर ठरवून ठेवायचे, स्वतः मात्र पाहुण्यासारखे बाजूला उभे राहायचे आणि वेळ येताच शटर दाबायचे. त्यांच्या छायाचित्रांत कान देऊन ऐकणारी, विचारात बुडालेली, टेबलावर वाकलेली माणसे एवढी का दिसतात, याचे उत्तर अंशतः त्यांच्या दृष्टीत आहे आणि अंशतः एर्मानॉक्सच्या मंद प्लेटमध्ये. हेगच्या त्या रात्री तर मंत्र्यांच्या झोपेनेच त्यांचे काम सोपे केले. झोपलेल्या माणसाइतका स्थिर विषय दुसरा नसतो.

१९२८ साली जर्मनीत गाजलेल्या खुनाच्या खटल्यांची छायाचित्रे त्यांनी काढली आणि ती बर्लिनर इलुस्ट्रिर्ते त्साइटुंग या लोकप्रिय साप्ताहिकाच्या वाचकांसमोर आली. न्यायालयात कॅमेऱ्याला मनाई होती. सालोमन यांनी टोपीला भोक पाडून त्यामागे कॅमेरा दडवला, कधी कागदपत्रांच्या बॅगेत तो बसवला. एका शिपायाला संशय आला आणि त्याने प्लेट मागितली, तेव्हा सालोमन यांनी निमूटपणे कोरी प्लेट त्याच्या हवाली केली आणि खरी खिशात ठेवली, असेही सांगतात. या यशानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि ते स्वतंत्र छायाचित्र पत्रकार झाले.

त्यानंतर त्यांना आंतरराष्ट्रीय राजकारणाचे दरवाजे उघडे झाले. पॅरिसमध्ये २७ ऑगस्ट १९२८ रोजी युद्धाचा त्याग करणारा केलॉग-ब्रियाँ करार झाला. सालोमन तेथे पोहोचले आणि पोलंडच्या गैरहजर प्रतिनिधीच्या खुर्चीत शांतपणे जाऊन बसले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे राष्ट्रसंघाची बैठक भरली. तेथे ब्रिटनचे ऑस्टेन चेंबरलेन, फ्रान्सचे आरिस्तीद ब्रियाँ आणि जर्मनीचे गुस्ताव्ह स्ट्रेसेमान एका टेबलाभोवती बसून बोलत असताना त्यांनी छायाचित्रे काढली. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या फौजा खंदकांत समोरासमोर उभ्या होत्या, त्या राष्ट्रांचे मंत्री एकमेकांकडे झुकून काय बोलतात, हे जगाने प्रथमच पाहिले.

उंची पोशाख, अनेक भाषा, अदबीचे वागणे आणि डॉक्टर ही पदवी, ही त्यांची खरी प्रवेशपत्रिका होती. दरबान त्यांना एखाद्या शिष्टमंडळाचे सदस्य समजत. पुढे पुढे मुत्सद्द्यांनाच त्यांची सवय झाली. ब्रियाँ यांनी तर त्यांना आगाऊ मंडळींचा राजा ठरवून टाकले होते. १९३१ साली पॅरिसमधील एका मेजवानीत कॅमेरा दिसताच ब्रियाँ यांनी हसत हसत थेट त्यांच्याकडे बोट रोखले आणि नेमका तोच क्षण सालोमन यांनी टिपला. परिषदेत सालोमन दिसले नाहीत तर ती महत्त्वाची नसावी, असा समज त्या वर्तुळात रूढ झाला होता. लंडनमधील ग्राफिक या साप्ताहिकाने त्यांच्या छायाचित्रांसाठी कँडिड कॅमेरा हा शब्दप्रयोग वापरला आणि तो पुढे जगभर पसरला.

१९३० साली ते अमेरिकेत गेले. हॉलिवूडमध्ये त्यांनी मार्लेन डीट्रिख या अभिनेत्रीचे, ती बर्लिनमधील आपल्या लेकीशी टेलिफोनवर बोलत असतानाचे छायाचित्र काढले. चित्रपटातील झगमगाट त्यात कुठेच नाही. दिसते ती दूरदेशी असलेली एक आई. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या कॅलिफोर्नियातील प्रासादातही ते जाऊन आले. १९३१ साली बर्लिनमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनल्ड यांच्यासाठी झालेल्या समारंभात मॅकडोनल्ड यांच्याशी बोलण्यात रंगलेले आल्बर्ट आइन्स्टाइन त्यांनी टिपले. १९३२ साली त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे, कामकाज सुरू असतानाचे, छायाचित्र काढले. हात मोडल्याचा बहाणा करून त्यांनी गळ्यातल्या झोळीत कॅमेरा लपवला होता, असे म्हणतात. त्या न्यायालयात आजही कॅमेऱ्याला बंदी आहे. म्हणूनच या छायाचित्राचे मोल अधिक.

१९३१ साली त्यांचा ११२ छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. नामवंत समकालीन, बेसावध क्षणी, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. ते शीर्षकच एक प्रश्न उभा करते. बेसावध माणसाचे छायाचित्र काढण्याचा अधिकार कोणाला असतो? सालोमन यांच्यावर आगाऊपणाचा आक्षेप आला, तो निराधार नव्हता. न्यायालयाचा नियम मोडणे हे नियम मोडणेच होते. पण त्यांच्या कामात एक मर्यादा दिसते. जांभई देणारा मंत्री त्यांनी दाखवला, मात्र त्याची विटंबना केली नाही. त्यांचा कॅमेरा बहुतेक वेळा सत्ता आणि कीर्ती असलेल्या माणसांकडे वळलेला होता. जनतेच्या नावाने जे बंद दाराआड ठरते, ते जनतेला थोडे तरी दिसावे, ही त्या छायाचित्रांची परिणती होती. राजकारणी पुतळ्यासारखे नसून आपल्यासारखेच दमणारे, रागावणारे आणि कुजबुजणारे असतात, हे एकदा दिसले की त्यांच्यापुढे माना झुकवण्याची सवय थोडी कमी होते.

नेमके हेच १९३३ नंतरच्या जर्मनीला नको होते. हिटलर सत्तेवर आला आणि बेसावध क्षणांची जागा कवायतीने घेतली. नेत्याचे छायाचित्र त्याच्या मर्जीतला छायाचित्रकार काढणार, कोणते छापायचे हे वरून ठरणार आणि संपादकाने ते मुकाट्याने छापायचे, अशी व्यवस्था आली. ज्यू असलेल्या सालोमन यांना तेथे राहणेच अशक्य झाले. ते पत्नीच्या माहेरच्या देशात, नेदरलँड्समध्ये आले आणि हेगमध्ये स्थायिक झाले. ज्या शहरात त्यांनी पेंगणारे मंत्री टिपले होते, तेच आता त्यांचे घर झाले. तेथील संसद, राजघराणे, संगीताच्या मैफली यांची छायाचित्रे ते काढत राहिले. आता त्यांच्या हाती रीळ वापरणारा, हलका लायका कॅमेराही आला होता. अमेरिकेत जाऊन काम करण्याची संधी त्यांना आली होती, परंतु ते गेले नाहीत. आपल्याच ओळखीच्या युरोपात काही वाईट घडले तरी ते एवढ्या थराला जाईल, असे त्यांच्या पिढीतील अनेकांना वाटले नव्हते.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या. ज्यूंवर एकेक बंधन येत गेले, आगगाड्या भरून माणसे पूर्वेकडे नेली जाऊ लागली. सालोमन पत्नी आणि धाकटा मुलगा डिर्क यांच्यासह भूमिगत झाले. इतरांच्या नकळत त्यांचे रहस्य टिपणारा माणूस आता स्वतः लपून बसला होता. गॅसचे मीटर वाचायला आलेल्या माणसाला त्या घरातला गॅसचा वापर वाढलेला दिसला आणि त्याने खबर दिली, असे सांगितले जाते. तिघांनाही पकडण्यात आले. वेस्टरबोर्क, मग थेरेझिएनश्टाट आणि अखेर आउश्विट्झ, असा त्यांचा प्रवास झाला. ७ जुलै १९४४ ही एरिख सालोमन यांच्या मृत्यूची तारीख म्हणून नोंदली गेली आहे. मॅगी आणि डिर्क हेही त्या छळछावणीतून परतले नाहीत.

थोरला मुलगा ओटो इंग्लंडमध्ये असल्यामुळे वाचला. पीटर हंटर हे नाव घेऊन तोही छायाचित्रकार झाला होता. युद्ध संपल्यावर त्याने वडिलांच्या निगेटिव्हचा शोध सुरू केला. सालोमन यांनी पकडले जाण्यापूर्वी आपल्या कामाची वाटणी केली होती. काही प्लेट हेगमधील संसदेच्या ग्रंथालयात ठेवल्या होत्या, काही एका स्नेह्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याजवळ जमिनीत पुरल्या होत्या. ओलाव्याने त्यांतल्या काही खराब झाल्या. तरी जे हाती आले ते थोडे नव्हते. हा ठेवा आज बर्लिनमधील बर्लिनिशे गालेरी या संग्रहालयात आहे. ज्या शहराने त्यांना हाकलले, त्याच शहरात त्यांचे काम जपले जात आहे. १९७१ सालापासून जर्मन छायाचित्रण संस्था त्यांच्या नावाने पत्रकारितेतील छायाचित्रणासाठी पुरस्कार देते.

सालोमन यांची कारकीर्द उणीपुरी दहा-बारा वर्षांची. त्यातलीही पहिली पाच वर्षे ऐन भराची. पण तेवढ्या अवधीत छायाचित्रकाराचे स्थान बदलले. दाराबाहेर ताटकळणारा, भडका उडवून धूर करणारा कारागीर आता खोलीत बसलेला साक्षीदार झाला. तंत्र तेव्हापासून कितीतरी पुढे गेले आहे. खिशातला मोबाइलही आज मेणबत्तीच्या उजेडात छायाचित्र काढतो, त्यासाठी तिवई लागत नाही की श्वास रोखावा लागत नाही. उजेड कमी असणे ही आता अडचण उरलेली नाही. बंद दारे मात्र अजून तशीच आहेत आणि त्यांच्या आत कोणाला जाऊ द्यायचे हे आजही आतलेच ठरवतात. नेत्यांची छायाचित्रे त्यांच्याच कचेरीतून निवडून, चाळून बाहेर येतात, तेव्हा काळा कोट घालून रिकाम्या खुर्चीत निमूट जाऊन बसलेल्या त्या डॉक्टरांची उणीव जाणवते.